‘थोडंसं डोकं दुखतंय, सांगू का?’ : हिमालयातल्या ग्रुप टूरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की हिमालयात ग्रुपबरोबर जायच्या तयारीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही, म्हणून सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. वाचताना एक गोष्ट सारखी खटकली. बऱ्याच पत्रांत शेवटी एक ओळ आहेच, ‘हे विचारावं की नाही कळत नव्हतं’. विचारा हो, नक्की विचारा. मी बरीच वर्षं लोकांना घेऊन तिकडे जातेय, आणि थंडीपेक्षा नि चढापेक्षा जास्त त्रास मी भिडेपायी झालेला बघितलाय.

प्रश्न : आम्ही दोघं, वय ५८ आणि ६१, जूनमध्ये ग्रुपबरोबर लडाखला चाललोय. विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिसरा दिवस नुब्रातच, चौथ्या दिवशी तिथून थेट पँगाँग तलाव आणि तिथेच तंबूत मुक्काम. मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. सगळे म्हणतात कापूर जवळ ठेवा, काही होत नाही. खरंच काही होत नाही का?

उत्तर : ताई, कापराचं आधी सांगून टाकते. कापूर हुंगला की नाक मोकळं वाटतं, बरं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पुरचुंडी न्यायची तर न्या, फक्त तिच्या भरवशावर राहू नका. ते छोटे ऑक्सिजनचे कॅन मिळतात त्यांचंही तेच, काही मिनिटांत संपतात, आणि विमानात तर ते नेऊच देत नाहीत.

आता मुद्द्याचं. वर गेलं की हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो पण प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे ११,५०० फूट, तिथे हा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच्या आसपास असतो आणि खारदुंगलाला, जी ५,३५० मीटरच्या आसपास आहे, जवळजवळ निम्मा. शरीर याची सवय करून घेतं, छान करून घेतं, पण त्याला दिवस लागतात आणि विमान आपल्याला तासादीडतासात वर नेऊन ठेवतं.

म्हणून तुमचा टूरचा कागद घ्या आणि प्रत्येक रात्रीच्या पुढे त्या मुक्कामाची उंची पेनाने लिहा. दिवसा किती वर जाऊन आलो यापेक्षा झोपतो कुठे हे महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी असा साधा नियम आहे. तुमच्या कागदावर लेह ३,५००, मग नुब्रा साधारण ३,१००, म्हणजे ती रात्र उलट खालीच आहे, तिची मला काळजी नाही. काळजी आहे ती चौथ्या रात्रीची, कारण पँगाँग ४,२५० मीटरच्या आसपास, म्हणजे एकदम हजारच्या वर उडी, आणि तिथून रात्री कुणाला खाली न्यायचं म्हटलं तर रस्ता लांब आणि अंधारा.

दुसरी गोष्ट, लेहला फक्त एकच रात्र आहे. तिथले डॉक्टर पहिले ४८ तास आराम करा म्हणतात, आणि आराम म्हणजे आरामच, ‘आलोच आहोत तर बाजार फिरून येऊ, शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढून येऊ’ हे नाही. टूरवाल्यांना आजच फोन करा आणि विचारा की लेहला दोन रात्री मिळतील का, आणि पँगाँग सगळ्यात शेवटी घेता येईल का किंवा दिवसात जाऊन यायची सोय आहे का. तुम्ही एकट्या विचारताय असं वाटेल पण ग्रुपमधल्या इतरांनाही हेच हवं असतं, कुणीतरी आधी बोलायला लागतं इतकंच.

वेळ हाताशी असेल तर श्रीनगरहून गाडीने जाणारी टूर बघा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, मग सोनमर्ग, झोजिला ओलांडून कारगिलला मुक्काम जे पावणेतीन हजारांच्याही खाली आहे, आणि मग लेह. शरीराला टप्पे मिळतात. मनालीकडून जाताना तसं होत नाही, मधला मुक्काम सरचूला असला तर तो ४,२०० मीटरच्या वर पडतो, आणि सरचूची अडचण अशी की तिथून त्रास झाला तर कुठल्याही बाजूला खाली उतरायच्या आधी वर चढावं लागतं, एकीकडे बारालाचा आणि दुसरीकडे नकीला, लाचुंगला या खिंडी. माझ्या पहिल्याच ग्रुप टूरमध्ये मी त्या सरचूला अडकले होते. दुपारी वाटेत जिस्पाला थांबलो तेव्हापासून डोकं ठणकत होतं, जेवण जात नव्हतं, पण बसमध्ये बावीस जण, सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून मी थकवा आलाय म्हणाले आणि पांघरूण घेऊन पडले. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी लीडरला उठवलं. टूरवाल्यांकडे ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता, तो मला लावून पहाटे बारालाचा ओलांडून जिस्पापर्यंत खाली आणलं आणि तिथे दोन तासांत डोकं उतरलं. दुपारी जिस्पातच बोलले असते तर आदल्या रात्री तिथेच थांबता आलं असतं, सगळ्यांना. तेव्हापासून मी मनालीकडून ग्रुप वर नेत नाही, श्रीनगरकडून वर आणि मनालीकडून खाली असंच करते.

मिस्टरांच्या बीपीबद्दल, गोळी चालू असून बीपी नीट ताब्यात असलेली बरीच माणसं लडाखला जाऊन येतात, पण जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि ‘फिरायला चाललोय’ इतकंच नाही तर ‘इतक्या मीटरवर झोपणार आहोत’ असं सांगा. तो उंची लिहिलेला कागदच दाखवा.

प्रश्न : उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी की नाही? ऑफिसमधले म्हणतात ती घेतली की त्रास झाकला जातो आणि मग एकदम वाढतो.

उत्तर : हा गैरसमज खूप पसरलाय. डायमॉक्स म्हणजे असिटॅझोलामाइड, ती पेनकिलर नाही, ती श्वास थोडा जास्त खोल आणि भरभर घ्यायला लावते म्हणून शरीराची सवय लवकर होते, लक्षणं झाकली जात नाहीत. साधारणपणे वर जायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस मोठ्या माणसांना देतात, पण डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा, किडनीचा त्रास असेल, बीपीच्या गोळीतच लघवीचं औषध असेल तर तेही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, सोडा पाणी बेचव लागतं, हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. मी सगळ्यांना सांगते की एकदोन गोळ्या घरी असतानाच, डॉक्टरांना विचारून, घेऊन बघा म्हणजे काही विचित्र झालं तर ते घराजवळ होईल.

आणि गोळी घेतली म्हणजे उड्या मारायची परवानगी मिळाली असं नाही. झोपेची गोळी आणि दारू पहिले काही दिवस तरी नकोच, झोपेत श्वास आधीच उथळ होतो तिथे. पाणी भरपूर प्या पण घागरी रिचवू नका, लघवी फिकट होतेय म्हणजे पुरेसं जातंय.

लक्षणं कुठली बघायची हे एका वाचकाने विचारलंय ते इथेच सांगते. वर पोचल्यावर काही तासांत, बहुतेक वेळा पहिल्या रात्री, डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, गरगरणं, झोप न येणं. एवढंच असेल तर आहात तिथेच थांबायचं, वर जायचं नाही, बहुधा एकदोन दिवसांत कमी होतं. पण बसल्याजागी धाप लागतेय, खोकला येतोय, ओठ निळसर दिसतायत, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता येत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच खाली न्यायचं. ऑक्सिजन लावा, औषध द्या, पण ते खाली नेता नेता. ऑक्सिमीटर न्या चांगलं आहे, फक्त गार बोटावर तो चुकीचं दाखवतो, हात चोळून गरम करा मग लावा, आणि लेहला ८५-९० असा आकडा बघून घरी असल्यासारखे हादरू नका. आकडा बरा आणि माणूस बरा दिसत नसेल तर माणसाकडे बघायचं.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, रोज जिम करतो, सह्याद्रीत पन्नासेक किल्ले झालेत. डिसेंबरमध्ये केदारकंठाला चाललोय. वेगळी काही तयारी लागेल का? मित्र म्हणतात तू आरामात करशील.

उत्तर : पन्नास किल्ले म्हणजे पाय तयार आहेत, मस्तच. विशेषतः उतार. हिमालयात गुडघे चढताना नाही उतरताना बोलायला लागतात आणि सह्याद्रीतली घसाऱ्याची उतरण ज्याने केलीय त्याला त्याची सवय असते. पण दादा, दोन गोष्टी सह्याद्री शिकवत नाही. एक म्हणजे उंची, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि ज्या सांक्रीतून तुझा ट्रेक सुरू होणार ते गावच त्याच्यापेक्षा वर आहे, माथा ३,८१० मीटर. दुसरी म्हणजे हळू चालणं. आपल्याकडे ऊन चढायच्या आत वर पोचायचं म्हणून एका दमात चढायची सवय लागते, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे धावणारी तरणीताठी पोरंच दुसऱ्या रात्री डोकं धरून बसलेली मी कितीतरी वेळा बघितलीयेत. उंचीचा त्रास फिटनेस बघून येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला होतो आणि त्याच्या आईला होत नाही असंही होतं. चालताना शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेव, बोलताना दम लागला की समज जास्त होतंय.

जिमचं म्हणशील तर दंड मोठे असून तिथे काही उपयोग नाही, दम आणि मांड्या लागतात. आजपासून आठवड्यातून चार दिवस पळायला किंवा झपझप चालायला जा, ५ किलोमीटर ३५ मिनिटांच्या आसपास आणि नंतर बोलता येतंय इतपत आणून ठेव. बाकी दोन दिवस पाठीवर सातआठ किलोची सॅक घेऊन जिने, वर जाताना आणि खाली येतानाही, लिफ्टने खाली यायचं नाही. स्क्वॉट, लंजेस आहेतच. जायच्या आधीच्या आठवड्यात मात्र थांबव, दुखरे स्नायू घेऊन जाऊ नकोस.

डेहराडूनहून सांक्रीचा प्रवासच आठदहा तासांचा वळणावळणाचा आहे, पुरोला, मोरी असं करत, गाडी लागत असेल तर गोळी आधी घे. डिसेंबरात बर्फ असतं, रात्री पारा शून्याखाली जातो, माथ्यावर जायला पहाटे दोनतीनला उठवतात. मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे खिळे) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचं आवरण) कोण देणार हे आयोजकांना आधीच विचार आणि दिले की तंबूत एकदा घालून बघ, अंधारात गार बोटांनी पहिल्यांदा घालायला गेलास तर सगळी तुकडी उभी राहते.

प्रश्न : खरेदीची यादी बघून डोळे पांढरे झाले. खरंच एवढं लागतं का?

उत्तर : नाही लागत. महागडं जॅकेट भाड्याने मिळतं, सांक्री, मनाली, लेह सगळीकडे, आणि बरेच आयोजकही देतात. तुमचे पैसे बुटांवर घाला, बाकी सगळं मागून घेतलं तरी चालेल. बूट अर्धा नंबर मोठे, जाड मोजे घालून बघून घ्यायचे, उतारावर उभं राहून अंगठा पुढे टेकत नाही ना ते बघायचं, आणि निदान महिनादीड महिना घालून चालायचं. माळ्यावरचे पाचसहा वर्षांपूर्वीचे बूट ‘तसेच नवे आहेत’ म्हणून काढू नका, न वापरता पडून राहिलेल्या बुटांचा सोल आतून कुजतो आणि दुसऱ्याच दिवशी चक्क सुटून हातात येतो, मी सुतळीने बांधून माणसं खाली आणलीयेत. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. एवढीशी गोष्ट, पण उतारावर नखं काळीनिळी होतात ती वाढलेली राहिल्यामुळे.

कपड्यांचं सूत्र एकच, एक जाड नको तीन पातळ हवेत. अंगालगत थर्मल किंवा ड्रायफिट, वर फ्लीस, त्याच्यावर वारा पाऊस अडवणारं काहीतरी, आणि मुक्कामाला उबदार जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, घामाने भिजली की वाळत नाही आणि थांबल्यावर तीच ओल अंगात थंडी भरवते. चालायला लागायच्या आधी एक थर काढायचा, पहिली पाच मिनिटं कुडकुडलात तरी चालेल. झोपायचे कपडे, मोजे वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे, काही झालं तरी ते दिवसा घालायचे नाहीत. माकडटोपी, हातमोजे दोन जोड. गॉगल मात्र चांगला घ्या, बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळे अक्षरशः भाजतं, आणि ढगाळ असलं तरी. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालीसुद्धा लावायचं कारण ऊन खालूनही येतं.

पॉवरबँक विमानात केबिन बॅगेतच ठेवायची. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून रात्री फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. गरम पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून पायाशी ठेवली तर रात्रभर ऊब आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी. आणि एक हात जोडून सांगते, हॉटेलात किंवा तंबूत थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी, कोळशाचं भांडं आत घेऊन दारं खिडक्या बंद करून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच एकटी ग्रुपबरोबर ट्रेकला चाललेय. पाळीची तारीख नेमकी मध्ये येतेय आणि टॉयलेटचं टेन्शन आहे. कुणाला विचारायचं तेही कळेना.

उत्तर : बरं झालं लिहिलंस. कँपवर टॉयलेटचा वेगळा छोटा तंबू असतो, आत खड्डा आणि शेजारी माती, वापरून झालं की माती टाकायची. वाटेत मात्र झाडाचा, दगडाचा आडोसाच. बायका यावर उपाय म्हणून पाणी पिणं बंद करतात आणि हेच सगळ्यात वाईट, कारण पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, थकवा येतो आणि मग हा उंचीचा त्रास की पाण्याचा हेच कळेनासं होतं. सरळ लीडरला सांग की मला थांबायचंय. तो किंवा ती रोज दहा वेळा हे ऐकते, त्यांना त्यात काही वाटत नाही. ग्रुपमधली एक मैत्रीण पहिल्याच दिवशी ठरवून टाक, दोघींनी मिळून जायचं, एकीने पंचा धरायचा.

उंचीवर आणि दगदगीने तारीख पुढेमागे होते, त्यामुळे येणार नसली तरी सामान जवळ हवंच. पॅड्स, कागदी साबण, आणि वापरलेले परत आणायला आतलं न दिसणाऱ्या दोन झिप पिशव्या, कारण तिथे पुरलेलं कुजत नाही, कुत्री उकरतात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नकोस, त्यातल्या काहींनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि उंचीवर तो आणखी नको, गायनॅकला विचारून काय ते ठरव. पाळी आहे म्हणून ट्रेक होत नाही असं काही नसतं. पोट दुखत असेल तर तो दिवस सॅक खेचरावर दे.

प्रश्न : आईला केदारनाथ करायचंय, वय ६७, गुडघे दुखतात. हेलिकॉप्टरने नेलं की प्रश्न मिटला ना?

उत्तर : गुडघ्यांचा मिटला, उंचीचा नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, लेहच्याही थोडं वर. हेलिकॉप्टर खालच्या खोऱ्यातून काही मिनिटांत तिथे नेतं, म्हणून आदल्या एकदोन रात्री गुप्तकाशी, सोनप्रयाग अशा ठिकाणी काढा, दर्शन घ्या आणि शक्यतो त्याच दिवशी खाली या. रात्रीचा मुक्काम वर करायचा मोह आईच्या वयाला टाळलेला बरा. बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरूनच करा, फोनवर ‘तिकीट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे पाठवू नका. आणि हवा बिघडली की उड्डाणं बंद होतात, कुणाच्याच हातात नसतं, एकदोन दिवस जास्तीचे ठेवा.

चालत गेलात तर गौरीकुंडापासून साधारण १६ किलोमीटर आणि दीडहजार मीटरच्या वर चढ, घोडा, पालखी मिळते, पण घोड्यावर तासन् तास बसणंही सोपं नाही, कंबर धरते. चारधामचं रजिस्ट्रेशन घरूनच करून प्रिंट घेऊन जा. जुलै ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, मे जूनमध्ये तुडुंब गर्दी, म्हणून आईसारख्यांना मी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर सुचवते, भाऊबीजेला कपाट बंद होतं त्याच्या आधी.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला लडाखला न्यावं का?

उत्तर : नेतात लोक. अडचण एकच, लहान मुलाला काय होतंय ते सांगता येत नाही. वर गेल्यावर पोर चिडचिडं झालं, खाईना, खेळेना तर ‘दमलाय’ म्हणून सोडून देऊ नका, उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला आणि खाली आणा. सर्दी खोकला ताजा असेल तर तारीख बदला. बालरोगतज्ज्ञांना आधी भेटा, आणि पँगाँगचा मुक्काम वगळा.

प्रश्न : टूर कंपनी निवडताना नेमकं काय बघायचं? सगळेच म्हणतात आम्ही अनुभवी.

उत्तर : पहिला फोन केला की आपण विचारतो जेवण कसलं, वरणभात मिळेल का, हॉटेल किती स्टार. विचारा, पोटाचं महत्त्व आहेच तिथे. पण त्याच फोनवर आणखी थोडं विचारा. किती जणांमागे एक लीडर? लीडरने डोंगरातल्या प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलंय का, उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या पर्वतारोहण संस्थेतून कोर्स केलाय का? ऑक्सिजन सिलिंडर किती, आणि ते ग्रुपबरोबर चालतात की खालच्या कँपवरच असतात? रोज संध्याकाळी सगळ्यांचा ऑक्सिमीटर बघून वहीत लिहितात का? गाडी रात्री मुक्कामी थांबते की ड्रायव्हर दुसरीकडे झोपायला जातो? आणि शेवटचं, एखाद्याला खाली न्यायचं ठरलं तर त्याच्याबरोबर कोण जातं आणि बाकीच्यांचं काय होतं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं तर समजा त्यांनी हे आधी केलंय. ‘आमच्याकडे आजपर्यंत कुणाला काही झालंच नाही’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरीकडे करा, कारण दरवर्षी वर ग्रुप नेणाऱ्याकडे हे कधीतरी होतंच, होऊन गेल्यावर काय केलं ते सांगणारा माणूस हवा. पोर्टर आणि खेचरवाल्यांचा विमा काढतात का तेही विचारा, जो आपल्या कामगारांची काळजी घेतो तो तुमचीही घेईल. तुमच्या स्वतःच्या प्रवास विम्यात किती उंचीपर्यंत ट्रेकिंग धरलंय ते पॉलिसीत वाचून बघा.

प्रश्न : लडाखला फोन लागतो का?

उत्तर : बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीर लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. लेहच्या बाहेर पडल्यावर तेही अधूनमधूनच. घरच्यांना आधीच सांगा की दोन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, आणि टूरवाल्यांच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा.

प्रश्न : फॉर्ममध्ये आजारांची माहिती मागितलीय. मला दमा आहे, पण बऱ्याच वर्षांत अ‍ॅटॅक नाही. लिहिलं तर घेणार नाहीत अशी भीती वाटते. मिस्टर म्हणतात लिहू नकोस, कुणाला कळणारे. शिवाय त्यांना डायबिटीस आहे, इन्सुलिन चालू आहे, तेही त्यांनी लिहिलेलं नाही.

उत्तर : लिहा काकू. दोघांचंही लिहा. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती त्याहून महागात पडते. रात्री अकरा वाजता तुम्हाला धाप लागली तर लीडरला ठरवायचं असतं की हा दमा आहे की उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालंय, एकाला पंप द्यायचा असतो आणि दुसऱ्याला ताबडतोब खाली न्यायचं असतं, आणि ते त्याला तुमच्या फॉर्मवरूनच कळणार. मिस्टरांचं तर आणखीच अवघड, साखर उतरली की माणूस बरळायला लागतो, तोल जातो, आणि उंचीमुळे मेंदूला सूज आली तरीही अगदी हेच होतं. माहीत नसलेला लीडर काय करणार?

लिहिलं म्हणून लगेच नाही म्हणत नाहीत. डॉक्टरांचं पत्र मागतील, कदाचित थोडी सोपी टूर सुचवतील. पंप दोन न्या, एक तुमच्याजवळ आणि एक खोलीतल्या जोडीदाराकडे किंवा लीडरकडे, थंड कोरड्या हवेत तोंडावर मफलर घेऊन श्वास घ्या. इन्सुलिन थंडीत गोठलं तर वाया जातं, म्हणून ते सॅकमध्ये नाही, आतल्या खिशात अंगाजवळ, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. ग्लुकोमीटरही गारठला की चुकीचं दाखवतो, तोही खिशात. साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोजचं पाकीट दोघांच्याही खिशात असू दे आणि ते कुठे आहे हे ग्रुपमधल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.

फॉर्म पाठवायच्या आधी या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, मिस्टरांना बरोबर घेऊन जा, आणि दोघांची प्रिस्क्रिप्शन झेरॉक्स करून फॉर्मला जोडा.